शाल्मलीचा डावा डोळा

"एक डोळा मीट आणि रिमकडे बघ," प्रल्हाद म्हणाला, "म्हणजे चाक कुठे हेलकावे खातंय ते बरोबर कळेल."

नऊ वर्षांच्या शाल्मलीला डावा डोळा एकटा मिटता येईना, म्हणून तिने उजवा मिटला. स्टँडवर चढवलेलं चाक तिच्यासमोर हातभर अंतरावर फिरत होतं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "काका, आरे गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे चाक आहे. पण नुसतं धुरकट. थाळीसारखं."

प्रल्हादने हाताने चाक थांबवलं. "आता?"

"आतापण तसंच."

प्रल्हादने चाक सोडलं. त्याने तिचा उजवा डोळा आपल्या तळहाताने नीट झाकला आणि आरे आवळायची छोटी चावी तिच्यासमोर धरली. "घे बघू." शाल्मलीने हात पुढे केला आणि चावीच्या चार बोटं अलीकडेच मूठ मिटली. मूठ रिकामीच राहिली. काका मुद्दाम चावी मागे घेतायत असं वाटून ती हसली. प्रल्हादला हसू आलं नाही.

प्रल्हाद देवरे मूळचा खानदेशातला, शिरपूरकडचा. बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात फिटर म्हणून तो कराडला आला. कारखाना बंद पडल्यावर परत न जाता त्याने शनिवार पेठेत सायकलचं दुकान टाकलं. आता २०३८ साल चालू होतं. निम्म्या सायकली बॅटरीवर पळायला लागल्या होत्या, पण खड्ड्यात आपटलं की चाक वाकायचं ते वाकायचंच, आणि वाकलेल्या चाकाचा आउट काढण्यात, म्हणजे ते पुन्हा सरळ करण्यात, प्रल्हादचा हात धरणारं कराडात कोणी नव्हतं. एकेचाळीस वर्षांचा होईपर्यंत तो एकटा राहिला. मग ऋतुजा भेटली. त्यांच्या लग्नाला अकरा महिने झाले होते.

शाल्मली ऋतुजाच्या पहिल्या लग्नातली मुलगी. ऋतुजा दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती, दुपारी दोन ते रात्री दहा अशी तिची पाळी असे. म्हणून शाळा सुटली की शाल्मली दुकानात येऊन बसायची. तिचे वडील तुषार जगदाळे पुण्याला सौर पॅनेलच्या कंपनीत होते. तुषार आणि ऋतुजा भांडून नव्हे, थकून वेगळे झाले होते. रोज संध्याकाळी सहाला तुषारचा व्हिडिओ कॉल यायचा. तीन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे परतता परतता ऋतुजाने हे सगळं ऐकलं. तिचा हात थांबला.

"थकली की तिचा डावा डोळा जरा आत वळतो, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून आहे ते. माझी आई म्हणायची, असा डोळा भाग्याचा असतो. आणि शाळेतल्या तपासणीत तर दरवर्षी पास होते ती."

"कशी झालीस गं पास?" प्रल्हादने शाल्मलीला विचारलं.

"माझ्या आधीच्या मुली मोठ्याने वाचतात ना," शाल्मली निरागसपणे म्हणाली. "मी पाठ करते."

ऋतुजाने गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली.

डॉ. नसीमा मुजावर फक्त मुलांचे डोळे तपासायच्या. त्यांनी तासभर तपासलं, शाल्मलीला बाहेरच्या खोलीत खेळायला पाठवलं आणि दोघांना समोर बसवलं.

"डोळ्यात कुठलाही आजार नाही," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त आहे. लहानपणी तो नंबर सांभाळायला ताण द्यावा लागला आणि त्या ताणाने डोळा आत वळू लागला. आता बघा, एक डोळा समोर बघतोय आणि दुसरा नाकाकडे. मेंदूला दोन वेगवेगळी चित्रं मिळतात. सगळं दोन-दोन दिसायला लागलं तर मूल चालणार कसं? म्हणून मेंदू त्यातलं एक चित्र बंद करून टाकतो. अशी काही वर्षं गेली की त्या डोळ्याकडून येणारे मेंदूतले रस्तेच बुजत जातात. लोक याला आळशी डोळा म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. डोळा बिचारा रोज कामावर येतो. मेंदूच त्याची हजेरी लावत नाही."

"आणि चष्मा लावला तर?" ऋतुजाने विचारलं.

"चष्म्याने डोळा सरळ राहील. काही मुलांना शस्त्रक्रिया लागते, हिला लागेलसं वाटत नाही. पण डोळा सरळ होणं वेगळं आणि मेंदूने त्याचं ऐकायला लागणं वेगळं. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची. चौथ्या-पाचव्या वर्षी आली असती तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. नवव्या वर्षीही गुण येतो, पण किती येईल ते करून बघावं लागेल."

चार महिने त्यांनी करून बघितलं. चष्म्याने डोळा खरोखर सरळ झाला. पट्टीने तक्त्यावरच्या दोन ओळी वाढल्या आणि सुधारणा तिथेच थांबली. तेव्हा डॉक्टरांनी नव्या उपचाराचं नाव काढलं.

तो नाकात मारायचा एक फवारा होता. त्याला परवानगी मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी तो कसा काम करतो ते कागदावर काढून दाखवलं. आठ-नऊ वर्षांपर्यंत मेंदूतल्या काही पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. तोवर झालेल्या जोडण्या ती पक्क्या करते. ते गरजेचंही असतं, नाहीतर शिकलेलं काहीच टिकलं नसतं. पण मग चुकीची जोडणीही पक्की होऊन बसते. फवाऱ्याने ही जाळी पंचेचाळीस दिवस सैल पडते. मेंदू पुन्हा दोन-तीन वर्षांच्या मुलासारखा होतो, शिकायला उतावीळ. त्याच दिवसांत मुलाने एक खास गॉगल घालायचा, जो उजव्या डोळ्यासमोरचं चित्र फिकं करतो आणि डाव्यासमोरचं भडक. गॉगल घालून रोज चार तास दोन्ही हातांनी काहीतरी बारीक काम करायचं. दोन्ही डोळे एका कामाला जुंपले की मेंदूला डाव्याचं ऐकावंच लागतं.

"आता एक गोष्ट नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "जाळी सैल होते ती फक्त दृष्टीच्या भागातली नाही. भाषा, भीती, माया, सगळंच त्या दिवसांत खोल जातं. चाचण्यांच्या वेळी एका मुलाच्या घराशेजारी बोअर खणत होते. आज दोन वर्षं झाली, मिक्सर लावला की तो टेबलाखाली जातो. एका मुलीला सांभाळायला ओडिशाची बाई होती. मुलगी आता झोपेत ओडिया बोलते. म्हणून घर शांत हवं आणि मुलासमोर बसणारं माणूस रोज तेच हवं. आम्ही त्याला सोबती म्हणतो. सोबती विचार करून निवडा. तो मुलाच्या मनात कायमचा बसतो. आणि संमतीच्या कागदावर आई आणि वडील, दोघांची सही लागेल."

ऋतुजाने त्याच संध्याकाळी तुषारला फोन लावला. त्याने सगळा कागद वाचला होता.

"सोबती कोण?" त्याने विचारलं.

"माझी दुपारची पाळी आहे, तुषार. रजा चौदा दिवसांचीच शिल्लक आहे. प्रल्हाद दुकानात असतात, काम हाताचंच आहे."

पलीकडे कागदाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"तिच्या डोळ्यासाठी सही करतोय," शेवटी तो म्हणाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर उपचार सुरू झाला. रोज सकाळी ऋतुजा फवारा द्यायची आणि दुपारी चारपासून आठपर्यंत शाल्मली गॉगल घालून दुकानात बसायची. प्रल्हादने तिला आउट काढायला शिकवलं. चाक स्टँडवर लावायचं, दोन्ही बाजूंना खडूचे दोन तुकडे रिमच्या अगदी जवळ धरायचे, चाक फिरवायचं. जिथे खडू लागला तिथे खूण उमटते. मग त्या जागेचा एक आरा जरा आवळायचा, समोरचा जरा सैल सोडायचा. पुन्हा फिरवायचं.

पहिले पाच दिवस तिचं डोकं दुखायचं. एकदा तिने गॉगल काढून थेट टायरच्या ढिगात फेकला. प्रल्हादने तो शोधून पुसला आणि तिच्या शेजारी ठेवला. अर्ध्या तासाने तिने स्वतःच घातला. सातव्या दिवशी खडूची खूण तिला त्याच्याआधी दिसली. नवव्या दिवशी ती गॉगलचा उजवा भाग पूर्ण झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती, एक एक अक्षर लावून: ज, न, ता, स्वी, ट.

प्रल्हाद तसा अबोल माणूस. पण हात कामात गुंतले की त्याचं तोंड आपोआप सुरू व्हायचं, आणि ते त्याच्या आईच्या बोलीत, अहिराणीत. आठे देख. आते जराशी ढिल दे. हां, बेस. म्हणजे इथे बघ, आता जराशी ढील दे, हां, छान. गिऱ्हाइकांना त्याची सवय होती. बाराव्या दिवशी शाल्मलीने चाक फिरवलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हाई चाक बेस व्हयनं, काका."

प्रल्हादच्या अंगावर काटा आला. उच्चार इतका अस्सल होता की शिरपूरच्या बाजारात कोणी मागे वळून पाहिलं नसतं. बारा वर्षांत कराडात त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललं नव्हतं.

त्याच्या हातून चूक घडली ती इथून पुढे.

तुषारचा कॉल सहाला यायचा, म्हणजे सरावाच्या ऐन मध्यात. कॉल आला की शाल्मली गॉगल वर सरकवायची, पंधरा मिनिटं जायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सराव शक्यतो तुटू देऊ नका. प्रल्हादने एक दिवस फोन आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नंतर तुषारला संदेश पाठवला, सराव चालू होता. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी सहा वाजता शाल्मली त्याच्या दंडाला डोकं टेकवून आरे मोजत होती, आणि प्रल्हादला वाटलं, असंच असू दे. चौथ्या दिवशी फोन ड्रॉवरमध्ये ठेवताना त्याने सरावाचा विचारही केला नव्हता.

पाचव्या दिवशी ऋतुजाची सुट्टी होती, ती दुकानात आली होती. कॉल तिने घेतला आणि फोन मुलीकडे दिला.

"कशी आहेस शालू?" तुषार म्हणाला.

"बेस शे," शाल्मली म्हणाली. "माले आते टाइम नही, पप्पा." आणि ती चाकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तुषार दुकानाच्या दारात उभा होता. शाल्मली शाळेत होती. प्रल्हादने त्याला याआधी फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. प्रत्यक्षात तो ठेंगणा होता, आणि रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"तुम्ही चार दिवस माझे कॉल घेतले नाहीत, प्रल्हादराव."

"सराव तुटतो, म्हणून..."

"सराव मला समजतो. त्या कागदाचं पानन् पान मी वाचलंय." तुषारचा आवाज चढला नाही. "तुम्ही तिला तुमची भाषा शिकवलीत, त्याचं मला काही नाही. पण रोज सहाला येणारे पप्पा चार दिवस आले नाहीत. बाकीच्या वर्षात असं झालं असतं तर ती विसरून गेली असती. या पंचेचाळीस दिवसांत झालं. हे तिच्या मनात काय म्हणून बसलं असेल? पप्पा येत नाहीत. एवढंच ना?"

प्रल्हादने हातातला पाना खाली ठेवला. हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. भाषा आत जाते, माया आत जाते, हे तो रोज पाहत होता. न आलेला फोनही आत जातो हे त्याला सुचलं नव्हतं. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," तो म्हणाला. तुषार बसला नाही. "पहिले दोन दिवस सरावासाठीच ठेवला होता फोन बाजूला. नंतरचे दोन दिवस नाही. ती माझ्याशी बोलत होती, मला बरं वाटत होतं. म्हणून ठेवला. तिला वाटतंय तुम्ही फोन केलाच नाही. मी आज तिला सांगतो, तुमच्यासमोर."

तुषारने भांडणाची तयारी करून एकशे साठ किलोमीटर गाडी चालवली होती. हे ऐकायची तयारी केलेली नव्हती. तो स्टुलावर बसला.

"नुसतं सांगून ते निघेल का?" त्याने विचारलं.

"नाही निघणार," प्रल्हाद म्हणाला. "त्याच्यावर दुसरं काहीतरी बसवावं लागेल. अजून अठ्ठावीस दिवस आहेत. तुम्ही इथे राहू शकाल का?"

डॉ. मुजावरांनी फोनवर दोघांचं ऐकून घेतलं. त्या प्रल्हादवर रागावल्या, आणि तो राग त्याने मान खाली घालून ऐकला. मग त्या म्हणाल्या, दुसरा सोबती मध्येच घ्यायला हरकत नाही, पण जागा तीच हवी, काम तेच हवं, आणि आला तर रोज यायला हवं. दोन दिवस येऊन गायब व्हायचं असेल तर येऊच नये.

ऋतुजाला हे पटलं नाही.

"तो कंटाळेल," ती प्रल्हादला म्हणाली. "मी सात वर्षं बघितलंय. पहिले चार दिवस उत्साह, मग ऑफिसची मीटिंग. आणि तेच तिच्या मनात बसलं म्हणजे?"

"फोन त्याने नाही चुकवला, ऋतुजा. मी चुकवला."

"त्यासाठी तुम्ही स्वतःची जागा देऊन टाकायची? तिला तुमचा लळा लागलाय. मी किती वाट बघितली त्याची, माहीत आहे?"

"मीही त्याचीच वाट बघत होतो," प्रल्हाद म्हणाला. "म्हणून तर भीती वाटतेय. तिला माझा लळा लागावा, पण त्यासाठी दुसऱ्याचा फोन दाबून ठेवावा लागू नये."

ऋतुजाने फोन हातात घेतला. मग तिने तुषारसाठी बाजारपेठेतल्या एका लॉजमध्ये खोली सांगितली.

त्या संध्याकाळी शाल्मली दुकानात आली तेव्हा स्टुलावर पप्पा बसलेले होते. ती दारातच थबकली. प्रल्हादने तिला समोर बसवून सांगितलं: पप्पांनी चारही दिवस फोन केला होता. मीच तो उचलला नाही. माझं चुकलं.

शाल्मलीने आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे पप्पा, तू रुसला नव्हतास?"

"मी कशाला रुसू?"

"मला वाटलं मी तुझ्या कॉलमध्ये नीट बोलत नाही म्हणून तू रुसलास," ती म्हणाली, आणि गॉगल घालून कामाला लागली. दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

तुषार खरंच राहिला. दिवसा लॉजच्या खोलीतून तो ऑफिसचं काम करायचा आणि चारच्या ठोक्याला दुकानात हजर व्हायचा. तंत्रज्ञ असूनही हाताच्या कामात तो कच्चा निघाला. पहिल्याच दिवशी त्याने आरे उलट्या बाजूने फिरवले आणि बऱ्यापैकी सरळ असलेल्या चाकाचा पापड केला.

"पप्पा, तू सैल करतोयस! आवळायचं असतं तेव्हा असं." शाल्मलीने त्याचा हात धरून फिरवून दाखवला. "एकदम नाही. पाव फेरा. काका म्हणतात, चाकाला विचारून आवळायचं."

"चाकाला कसं विचारायचं?"

"फिरवायचं आणि गप्प बसायचं."

दोघे पुरुष एकमेकांशी फारसं बोलत नसत. बोलत ते तिच्यामार्फत. तरी आठवडाभराने तुषार न सांगता पंक्चरच्या टबातलं पाणी बदलू लागला, आणि प्रल्हाद चहा सांगताना तुषारचा बिनसाखरेचा सांगू लागला. कंटाळा येण्याची वाट ऋतुजा पाहत राहिली. तुषार कंटाळला नाही. एकदा मीटिंग आली, तेव्हा तुषारने एका कानात फोन लावून, ट्यूबवर ठिगळ दाबून धरलेल्या हातांनी ती पार पाडली.

शाल्मलीचा डावा डोळा दर आठवड्याला तक्त्यावरची एकेक ओळ खाली उतरत होता. पण डॉक्टरांना हवी ती एक गोष्ट अजून घडत नव्हती. दोन डोळ्यांची चित्रं जोडून मेंदू जी खोली तयार करतो, म्हणजे काय पुढे आणि काय मागे ते दाखवतो, ती. ठिपक्यांचं एक कार्ड असायचं, ज्यातून चौकोन उचलल्यासारखा वर दिसायला हवा. शाल्मलीला त्यात नुसते ठिपके दिसायचे. दिवस संपत आले होते. प्रल्हाद मनातल्या मनात दिवस मोजायचा. ती खोली तिला पहिल्यांदा दिसेल तेव्हा आपण समोर असावं, एवढी एकच इच्छा त्याने धरली होती, आणि ती त्याने कोणाला सांगितली नव्हती.

एकोणचाळिसाव्या दिवशी पावणेसातच्या सुमारास तो चहा आणायला कोपऱ्यावर गेला. चहावाल्याकडे गर्दी होती. तीन कप घेऊन परतताना त्याला दुकानातून किंचाळी ऐकू आली, आणि तो जवळजवळ धावला.

आत तुषार उभा होता, घाबरलेला, दोन्ही हातांनी स्वतःचं नाक चाचपत. शाल्मलीने गॉगल काढला होता, नुसता चष्मा होता. ती त्याच्यासमोर उभी राहून ओरडत होती, "पप्पा, तुनं नाक! तुनं नाक पुढे येल शे!"

"काय झालं नाकाला?" तुषारने प्रल्हादला विचारलं. "काय म्हणतेय ही? रक्त आलंय का?"

प्रल्हाद दारातच उभा राहिला. चहा त्याच्या बोटांवर सांडत होता, पण त्याला ते कळत नव्हतं.

"ती म्हणतेय," तो सावकाश म्हणाला, "तुमचं नाक पुढे आलंय. चेहऱ्याच्या पुढे."

तुषारला समजायला क्षणभर लागला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपला चेहरा तिच्यासमोर धरला. शाल्मलीने नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, मग गालाला, मग पुन्हा नाकाला. नंतर ती चाकाकडे वळली.

"आणि हे बघा," तिने दोघांना हाक मारली. "आधी सगळे आरे एकाच कागदावर काढल्यासारखे होते. आता इकडचे इकडे आहेत आणि तिकडचे तिकडे. आणि मध्ये..." तिने आऱ्यांच्या दोन रांगांमध्ये अलगद हात घातला. "मध्ये काहीच नाही! मध्ये नुसती हवा आहे!"

ती हात आतबाहेर करत राहिली. तुषार रडत होता आणि ते लपवतही नव्हता. त्याने मान वर करून प्रल्हादकडे पाहिलं.

"तुम्ही हवे होतात आत," तो म्हणाला. "माझ्याआधी तुम्ही."

प्रल्हादने कप सावरले. चहावाल्याकडची ती पाच मिनिटं त्याला आयुष्यभर खुपणार होती, हे त्याला तेव्हाच कळलं. पण समोर ती पोरगी हवेत हात घालून हसत होती, त्यामुळे ते खुपणं त्या क्षणी फार वर येऊ शकलं नाही.

"घ्या," तो म्हणाला. "निवतोय."

पंचेचाळिसाव्या दिवशी फवारा थांबला. कार्डावरचा चौकोन शाल्मलीने पटकन ओळखला आणि खरा समजून तो उचलायलाही गेली. डॉक्टर म्हणाल्या, येत्या महिन्याभरात जाळी पुन्हा घट्ट होईल आणि आता जे जोडलंय तेही तिच्यासोबत पक्कं होईल. चष्मा राहील. सरावाची गरज नाही. तुषार पुण्याला परत गेला. दर शनिवारी येईन म्हणाला, आणि पहिल्या शनिवारी आलाही. ऋतुजाला तिच्या वरिष्ठांनी सकाळची पाळी दिली. म्हणजे शाळा सुटल्यावर शाल्मलीला दुकानात येऊन बसायचंही कारण उरलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीतून निघताना प्रल्हाद जरा मागे रेंगाळला.

"डॉक्टरबाई, एक विचारू? तिची माझ्यावरची माया... ती फवाऱ्याची किती आणि..."

डॉ. मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "दृष्टी मोजायचा तक्ता आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "याचा नाही. महिनाभर थांबा आणि तुम्हीच बघा."

महिना गेला. शाल्मली दुपारी घरीच असायची, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळायला जायची, कारण आता फूल रॅकेटवर बसत होतं. प्रल्हादशी छान बोलायची, रात्री जेवताना शाळेचं सांगायची. त्याला याहून जास्त काही मागायचं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत होता.

एका बुधवारी शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी सायकल आणून दिली. पुढचं चाक गटारात जाऊन वाकलं होतं. पाच वाजता नेतो म्हणाले. प्रल्हादने साडेचारला काम संपवलं, चाक सायकलला बसवलं आणि हात पुसत असताना दप्तर पाठीवर घेतलेली शाल्मली धापा टाकत आत शिरली.

"सरांची सायकल आली ना? ते वर्गात म्हणाले." तिची नजर चाकावर गेली. "झालंसुद्धा?"

"झालं. त्यांना पाचला हवी आहे."

"एकट्याने केलंस?" तिचा चेहरा लाल झाला. "थांबला का नाहीस तू माझ्यासाठी?"

प्रल्हाद गडबडला. दीड वर्ष ती त्याला अहो-जाहो करत आली होती. "अगं, आता सराव संपला ना. डॉक्टरबाई म्हणाल्या..."

"मी काय सरावासाठी येत होते का?" ती ओरडली. दप्तर आदळून ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. मागून तिचे खांदे दिसत होते, रागाने वर चढलेले.

प्रल्हाद तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग त्याने सरांच्या सायकलचं चाक पुन्हा काढलं, स्टँडवर चढवलं आणि चांगले घट्ट बसलेले सहा आरे एकेक करून सैल सोडले. चाक फिरवल्यावर ते नागमोडी डोलायला लागलं.

"शालू," त्याने हाक मारली, "हे काही सरळ झालेलं दिसत नाही बुवा. बघतेस का जरा?"

ती लगेच वळली नाही. वळली तेव्हा आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे.

"मुद्दाम केलंस," ती म्हणाली, आणि डोळे पुसत तिने स्टूल पुढे ओढलं.

सरांना सायकल त्या दिवशी पावणेसहाला मिळाली.